नाव घातलेलं पातेलं

मागच्या उन्हाळ्यात डोंबिवलीला मावशीच्या घराची आवराआवर होती, तेव्हा मी तिथं पाहुण्यासारखी दारातल्या खुर्चीवर बसले होते. ज्या घराच्या कुठल्या फरशीखाली पोकळ वाजतं हेही मला माहीत, त्या घरात चहाचा कप कुठं ठेवू असं विचारत होते. आत प्रकाश आणि त्याची बायको मांडणी रिकामी करत होते. प्रकाश म्हणजे मावशीच्या धाकट्या दिराचा थोरला मुलगा. कराडहून आला होता. भांडी एकेक करून खाली येत होती, रद्दीच्या पेपरवर उपडी होत होती. मध्येच त्यानं एक स्टीलचं पातेलं हातात धरलं, काठाशी डोळे नेले, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचलं आणि ते घेऊन बाहेर आला. "ताई, हे तुमचं दिसतंय. नाव आहे तुमचं यावर. घेऊन जा."

मी घेतलं. थँक्यू पण म्हणाले.

पातेल्यावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत लिहिलंय, ‘चि. सौ. कां. अनघास मावशीकडून सप्रेम भेट, १२-५-१९९८’. त्यातल्या ‘सप्रेम’मधला रफार भांडेवाल्याच्या मशीननं खाल्लाय, म्हणून ते आजवर ‘सपेम’ आहे. आमच्या घरात तो शब्दच होऊन बसला होता. फोन ठेवताना मावशी म्हणायची, "चल, सपेम." (तो रफार नव्हे, रकार, असं तिनं मला एकदा बजावलं होतं. शाळामास्तरीण. मी आत्ताही चुकलेच, पण खोडत नाही.) पाच पातेल्यांचा तो संच तिनं माझ्या लग्नात दिला. त्यातलं हे दोन नंबरचं एकदा आमरस घेऊन तिच्याकडे गेलं, तिकडून वालाचं बिरडं घेऊन आलं, पुन्हा खीर घेऊन गेलं. रिकामं भांडं परत करायचं नाही या आपल्याकडच्या रीतीमुळे ते पातेलं पंचवीस वर्षं मध्य रेल्वेनं हिंडत राहिलं. शेवटी ते तिच्याकडे राहिलं, कारण भरून नेण्याची शेवटची पाळी माझी होती आणि मी ते परत आणायची राहून गेले.

त्या घरातली माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू निघाली, आणि तीही नाव घातलेलं होतं म्हणून.

मावशी ही नावं घालणारी बाई होती. तिच्या स्वयंपाकघरात एकही डबा बेनामी नव्हता. पांढरी चिकटपट्टी, त्यावर निळ्या शाईत ठसठशीत अक्षर: ‘धनेपूड’, ‘मेतकूट – १४ मार्च’, ‘साबुदाणा (जुना, आधी हा)’. कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात साड्यांच्या घड्या, आणि प्रत्येक घडीत चिठ्ठी, कुणाच्या लग्नात मिळाली त्याची, म्हणजे त्याच घरच्या कार्याला तीच नेसून जायला नको. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या, गॅसची तारीख, पेन्शनीचा दिवस. एकोणतिसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही. शाळेत शिकवून, पतपेढीचं कर्ज काढून १९८७ साली तिनं ती एक खोली-स्वयंपाकघराची जागा घेतली. कर्जाचा शेवटचा हप्ता फेडल्याची पावती तिनं देव्हाऱ्यात ठेवली होती, अन्नपूर्णेच्या मागं. सासरच्यांनी तिला हाकललं नाही आणि धरूनही ठेवलं नाही. लग्नकार्याला पत्रिका यायची, ती जायची, आहेर करायची, यायची. आजारपणं मात्र आमच्याकडे. दोन्ही गुडघे आणि शेवटचं अंथरूण माझ्या आईनं काढलं. तीही तेव्हा पंच्याहत्तरीच्या घरात.

एवढं सगळं लिहून ठेवणाऱ्या बाईनं एक कागद तेवढा लिहिला नाही. तो का लिहिला नाही, ते मला माहीत आहे. तिला अडवणारी मी होते.

२०१९ चा चैत्र असेल. गॅलरीत आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. भिजलेल्या वालाचं साल चिमटीत धरून दाणा पुढं सुळकन् उडवायची तिची एक लकब होती. समोरच्या इमारतीत दिवे लागायला लागले होते. ती खाली बघतच म्हणाली, "अगं, एक कागद करायला हवा. माझ्यामागं उगीच कुणाला—" मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मावशी, तिन्हीसांजेला काय गं हे बोलणं! वास्तू तथास्तु म्हणते." ती हसली. "बरं बाई," म्हणाली आणि पुढचा दाणा उडवला. त्यानंतर ती जवळजवळ पाच वर्षं जगली आणि तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. वास्तूनं तथास्तु म्हटलं ते माझ्या बोलण्याला.

आपली भाषाच अशी आहे. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळ वाढवायचा, दुकान वाढवायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. तांदूळ संपले असं न म्हणणारी आजी मी पाहिलेली आहे, ती ‘तांदूळ उदंड झाले’ म्हणायची आणि आजोबा मुकाट पिशवी उचलायचे. इतक्या हळव्या भाषेत ‘मी मेल्यावर’ हे दोन शब्द कुठल्या तोंडानं उच्चारायचे? म्हणून मृत्युपत्राला आपण इच्छापत्र म्हणायला लागलो, तरी ते जमेना म्हणून ‘विल’ म्हणून मोकळे झालो. इंग्रजीत वास्तूला कळत नसावं. गंमत म्हणजे विम्याचा हप्ता भरताना हीच जीभ अडखळत नाही. तिथं एजंट समोर बसून ‘तुमचं काही बरंवाईट झालं तर’ असं खुशाल म्हणतो आणि आपण त्याला पोहे देतो.

मावशी २०२४ च्या जानेवारीत गेली. तेराव्यानंतर आई तिची पासबुकं घेऊन बँकेत गेली. सगळ्या ठेवींवर नॉमिनी म्हणून आईचंच नाव होतं. बँकेनं दाखला बघितला, सह्या घेतल्या, पैसे आईच्या खात्यावर आले. आम्हाला वाटलं, संपलं. सोसायटीत मात्र मावशीनं नॉमिनेशनचा फॉर्म भरलेलाच नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, वारस दाखला आणा. मग कराडहून फोन आला. प्रकाश आईला अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, रागावू नका, पण वकील म्हणतात की काकूंचे कायदेशीर वारस आम्ही दोघं भाऊ आहोत. बँकेतल्या पैशाचंसुद्धा." आईनं फोन माझ्या हातात दिला आणि पदरानं तो हात पुसला, फोन चिकट असल्यासारखा.

ठाण्याच्या ज्या वकिलांकडे मी तावातावानं गेले, त्यांनी आधी मला चहा पाजला. मग म्हणाले, नॉमिनी म्हणजे राखणदार. बँकेनं पैसे कुणाच्या हातात दिले की तिची सुटका होईल, एवढंच त्या रकान्यात लिहिलेलं असतं. पैसे कुणाचे ते नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं विम्याच्या पैशाबाबत हे १९८३ सालीच सांगून ठेवलंय. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं, आणि तो खटला कुणाच्या घरचा, तर कालनिर्णयच्या जयंतराव साळगावकरांच्या. मावशीच्या भिंतीवरचं ते कॅलेंडर माझ्या डोळ्यांपुढं आलं, दुधाच्या फुल्यांसकट. हल्ली बँकेत एकाऐवजी चार नॉमिनी लावता येतात. म्हणजे चार राखणदार.

मग त्यांनी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा काढला आणि कलम १५ वर बोट ठेवलं. बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिचं सगळं आधी मुलांना आणि नवऱ्याला. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तेही नसतील तर मग कुठं तिच्या आईवडलांना, आणि त्यानंतर वडलांकडच्या वारसांना, ज्यात बहीण येते. माहेरून वारशानं आलेलं असेल तर ते माहेरी परत जातं आणि नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेलं असेल तर सासरी. पण स्वतः कमावलेल्याला असा वेगळा नियमच नाही. ते या रांगेत उभं राहतं. मी म्हटलं, अहो पण तिनं शाळेत खडू झिजवून घेतलेली जागा आहे, सासरचा एक रुपया नाही तिच्यात. ते म्हणाले, म्हणूनच.

त्यांनी मला २००९ चा एक निकाल वाचायला दिला. १९५५ साली लग्न झालेली एक मुलगी. तीन महिन्यांत नवरा सर्पदंशानं गेला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. आईवडलांनी शिकवलं, नोकरीला लागली, आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. तिच्या प्रॉव्हिडंट फंडावर आणि बँकेतल्या पैशांवर एकीकडे तिच्या आईनं हक्क सांगितला, दुसरीकडे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनी. पैसे नणंदेच्या मुलांना मिळाले. नुसत्या सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालयानं त्यात म्हटलंय. मी तो निकाल परतीच्या लोकलमध्ये उभ्यानं वाचला. बाजूच्या बाईनं विचारलं, "बरं नाही का वाटत?"

पुढं २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं याच कलमाच्या प्रकरणात समस्त स्त्रियांना, त्यातही हिंदू स्त्रियांना, जाहीर आवाहन केलं की बायांनो, ताबडतोब मृत्युपत्र करा. पेपरमध्ये ती बातमी वाचली तेव्हा मी ती कापून ठेवली. मावशी असती तर तिनं तिच्यावर तारीख घातली असती.

आता खरं बोलायचं तर राग मला कायद्याचा फार दिवस धरता आला नाही. प्रकाशचाही नाही. आवराआवरीच्या त्याच दुपारी त्यानं कपाटाच्या तळाचा कॅडबरीचा पत्र्याचा डबा उघडला. आत रबराला बांधलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या होत्या, कराडच्या पत्त्यावरच्या, ओळीनं तीन वर्षांच्या, आणि सोबत त्याच्या वडलांची पोस्टकार्डं. ‘वहिनी, प्रकाशची डिप्लोमाची फी पोचली.’ मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. प्रकाश तो डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसला, मग त्याची बायको त्याच्या हातातून तो काढून घेऊन आत गेली. त्या क्षणापर्यंत माझं पक्कं होतं की मावशीला घर आईलाच द्यायचं होतं. कशावरून? तिनं तसं कधी म्हटलं होतं? तिला कदाचित थोडं इकडे, थोडं तिकडे द्यायचं असेल. कदाचित शाळेला. कदाचित अठरा वर्षं तिची धुणीभांडी करणाऱ्या सुमनला, जी तेराव्याला सगळ्यांच्या मागं उभी राहून रडली आणि जिला आम्ही दोन साड्या देऊन मोकळे झालो. ‘माझ्यामागं उगीच कुणाला’, एवढंच ती बोलली होती. त्या ‘कुणाला’च्या पुढचा शब्द मी तिला उच्चारू दिला नाही. घर गेलं त्याचं मला फारसं काही नाही. पण त्या वाक्याचं क्रियापद काय होतं, ते आता कुणीच सांगू शकत नाही.

ठेवींचे पैसे आईनं प्रकाशला पाठवून दिले. त्यानं त्यातले काही परत केले, ‘आजारपणाचे’ म्हणून. आईनं ते घेतले आणि आठ दिवस कुणाशी धड बोलली नाही.

आम्हालाही मूल नाही. हे आजवर मी कुठं लिहिलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. पण वकिलांकडून आल्यावर रात्री नवऱ्याला म्हटलं, आपणही त्याच रांगेत आहोत. तो गेला तर माझ्याबरोबर त्याची आईही समान वाटेकरी. बायकोलाच सगळं मिळतं हा समज निव्वळ सिनेमातला. आधी तो गेला आणि मागून मी, तर माझ्या पगारातून घेतलेली अर्धी जागाही त्याच्या आईकडे, त्या नसल्या तर त्याच्या बहीणभावांकडे. माझे भाऊ-भाचे पार रांगेच्या शेवटी. माझी मामेवहिनी मडगावची. ती ऐकून म्हणाली, आमच्याकडे बरं आहे, नवराबायकोचं निम्मं-निम्मं आधीच, आणि त्या आपल्या निम्म्यातलंही अर्धं मुलांसाठी राखीव, राहिलेल्या अर्ध्याचंच काय ते मृत्युपत्र. मग मध्येच थांबून तिनं मला विचारलं, "म्हणजे तुम्हाला सगळंच हवं त्याला देता येतं?" तिच्या आवाजात हेवा होता की काळजी, मला कळलं नाही.

तर देता येतं, सगळं. आणि तिथंच खरी पंचाईत. कागद साधा पांढरा चालतो, स्टँपपेपर लागत नाही. हातानं लिहिलं तरी चालतं. आपली सही, आपल्यासमोर दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी केली तर उत्तम, नाही केली तरी मृत्युपत्र खरंच. मन बदललं तर नवं करायचं, शेवटचं असेल ते धरतात. हे सगळं अर्ध्या तासात समजतं. त्यानंतर आम्हाला पाच महिने लागले. रोज जेवणं झाल्यावर वही घेऊन बसायचो आणि माणसं मोजायचो. हा भाचा फोन करतो, पण आपल्याला हवं असतं तेव्हा नाही. ही पुतणी गोड आहे, पण तिचा नवरा... ‘मरण’ हा शब्द लिहायला मी घाबरत होते, तो तर पहिल्या ओळीतच लिहून झाला. पेन अडायचं ते नावापाशी. एखाद्याचं नाव लिहिलं की न लिहिलेली चार नावं समोर येऊन उभी राहायची. एका रात्री सासूबाईंच्या वाट्यावरून आमचं असं वाजलं की वही आठ दिवस फ्रिजवर पडून होती. त्यावर कुणीतरी लिंबं ठेवली.

सह्या एका रविवारी सकाळी झाल्या. साक्षीदार आपल्याहून वयानं लहान आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या, असं वकिलांनी सांगितलं होतं. म्हणून खालचा मेडिकलवाला महेश आणि शेजारच्या जोशींचा मुलगा. मजकूर त्यांना वाचायला द्यावा लागत नाही, फक्त आपण सही केलेली त्यांनी पाहायची. तरी जोशींच्या मुलानं सही करताना मान इतकी पलीकडे वळवली की सही रेघेच्या खाली गेली. मी पोहे केले होते. खाऊन झाल्यावर उठताना काय बोलावं हे कुणालाच सुचेना. महेशनं माझ्या नवऱ्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अभिनंदन, सर." मग तोच लाजला.

त्या कागदात एक कलम पातेल्याचं आहे. भांडीकुंडी लिहायची गरज नसते, वकील म्हणाले होते. मी लिहिलं. कुणाला दिलंय ते इथं सांगत नाही.

परवा आईकडे गेले होते. त्याच पातेल्यात शेवयांची खीर नेली होती. आई ओट्याशी उभी राहून ती वाटीत काढत होती. पाठमोरीच म्हणाली, "अगं, माझ्यामागं त्या पाटल्या आहेत ना—" माझ्या तोंडात ‘काहीतरीच काय’ आलंच होतं. खिडकीबाहेर अंधारून आलं होतं, देवापाशी दिवा नुकताच लावलेला. मी गॅस बारीक केला, स्टूल ओढलं आणि बसले.

"कुणाला?" मी विचारलं.

आई वळली. माझ्याकडे बघून तिनं जरा अंदाज घेतला. "सुमनला," म्हणाली. "तुला चालेल ना?"

माझ्या आजीच्या पाटल्या त्या. लहानपणी मी त्या घालून आरशासमोर हात हलवायचे. घशाशी काहीतरी आलं आणि ते आईला दिसलंही असणार, पण ती बोलली नाही. मी पर्समधून पेन काढलं, किराण्याच्या यादीचा कागद उलटा केला.

"वजन लिही त्यात," आई म्हणाली. "चार तोळे. नाहीतर सोनार फसवेल तिला."